मातीचा लाडू

मामंजींनी मूठ उघडली. माझ्या शेतातली माती त्यांच्या तळहातावर घट्ट लाडू होऊन बसली होती, बोटांचे वळ उमटलेला काळाभोर लाडू.

"आत ओल हाय," ते म्हणाले आणि तो लाडू त्यांनी ओट्याखाली टाकून दिला.

मग दुसऱ्या पळसपानातली माती उचलली. ती कावेरीच्या शेतातली, तांबूस. मूठ आवळली, उघडली. माती बोटांच्या फटींतून रव्यासारखी खाली गळाली.

"धाकटे, घे." करदोट्याला बांधलेली किल्ली सोडून त्यांनी पुढे धरली. कावेरीनं ती दोन्ही हातांनी घेतली आणि माझ्याकडे न बघता आत गेली. तिनं बघितलं असतं तर मला राग आलाच असता. बघितलं नाही म्हणून जास्त आला.

"मामंजी, आज चौथा दिस हाय," मी म्हटलं. "रोज तिलाच किल्ली. माझ्या सोयाबीनला शेंगा लटकायल्यात, दाणा भरायचा टाइम हाय. दुपारी येऊन बगा, पानं कशी माना टाकायलीत."

"दुपारी समदंच पीक माना टाकतं. पीक नाटकं करतं, थोरले. माती करत न्हाई."

"अन् धाकटीचं पीक नाटकं करत न्हाई वाटतं?"

"तिचं पीक म्या बघितलंच न्हाई. तिची माती बघितली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आमच्या घरात वाटण्या झाल्या, चुली दोन झाल्या, अंगणात मधोमध तुराट्यांचा कूड उभा राहिला. विहीर मात्र एकच राहिली. नाल्याकडची काळी जमीन माझ्या मालकांच्या वाट्याला आली, माळाकडची मुरमाड धाकट्या दिराच्या, बालाजीच्या. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर लोखंडी पेटीत, पेटीला कुलूप, आणि कुलपाची किल्ली सासऱ्यांच्या कमरेला. ते रोज पहाटे दोन्ही शेतांत जायचे, खुरप्यानं वीतभर खोल उकरून मूठभर माती पळसाच्या पानात बांधून आणायचे आणि ओट्यावर बसून न्याय करायचे. लाडू वळला तर पाणी नाही. भुगा झाला तर किल्ली. दोन्हींचा लाडू झाला तर किल्ली कमरेलाच राहायची आणि विहीर तेवढीच भरायची. एरवी हे कौतुकाचं होतं. गावात लोक पाळी आली की गरज असो-नसो रान भिजवून काढायचे, न भिजवलं तर पाळी बुडते म्हणून. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. पण त्या साली श्रावण अर्धा झाला आणि पाऊस जो गेला तो गेलाच. विहीर दुपारपर्यंत तळाला जायची, मोटार हवा ओढायला लागायची. एका दिवसाचं पाणी एकीलाच पुरायचं.

आणि ते पाणी जात होतं कावेरीच्या स्प्रिंकलरला.

कावेरी माझी जाऊ, धाकटी. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला भाकरी थापायला मीच शिकवली. पुढे मामंजी तिच्याच चुलीवर जेवायला लागले. "धाकटीच्या हातच्या भाकरीला पापुद्रा सुटतो," म्हणायचे, तेही माझ्यासमोर. तिच्या म्हशीला पारडी झाली, माझ्या म्हशीला हेला. एकाच रोपवाटिकेतून आम्ही दोघींनी कढीपत्त्याची रोपं आणली. तिचं कुडाच्या वर गेलं, माझ्या रोपाची काडी झाली. मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण तिच्या अंगणातून कढीपत्त्याच्या फोडणीचा वास आला की माझा घास तोंडात फिरायचा.

माझे मालक ज्ञानोबा परभणी डेपोत एसटीचे ड्रायव्हर. महिन्यातून दोनदा घरी. तेव्हा पेरणी, फवारणी, निंदणाच्या बायका, सगळं मीच बघायचे. सोयाबीन हे माझं रान होतं. सातबारावर नाव त्यांचं असेल, पण कुठल्या तासात उगवण पातळ झाली आणि कुठे हुमणी लागली ते मला विचारायचं. त्या साली मी लवकर येणारं वाण पेरलं होतं. झाडाला अशा शेंगा लागल्या होत्या की बघून मलाच दृष्ट लागेल असं वाटायचं. पण शेंग लागणं वेगळं आणि आत दाणा भरणं वेगळं. त्या आठ-दहा दिवसांत पाणी मिळालं नाही तर शेंगा नुसत्या चपट्या लटकत राहतात. कावेरीचं वाण उशिराचं. तिच्या शेंगा अजून टाचणीएवढ्या होत्या. तिला तेव्हा पाण्याची एवढी नड नव्हती. हे मी मामंजींना परोपरीनं सांगितलं. त्यांचं एकच, माती बघू.

चौथ्या दिवशी किल्ली तिला गेली आणि मी रागारागानं शेतात आले. बांधावर पाऊल ठेवते तर धुऱ्याशी उकललेल्या शेंगा पडलेल्या. माझ्याच पिकाच्या, हिरव्या, मधोमध नखानं चिरलेल्या. पुढे तासांमधून बाईमाणसाच्या पायाचे ठसे आत गेलेले. डाव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला. तो अंगठा मी ओळखला. भाकरी शिकवताना चुलीपुढे बसलेली ती, तिचा तो वाकडा अंगठा किती वेळा बघितला होता.

पलीकडे तिच्या रानात स्प्रिंकलर फिरत होते. ती पाइप उचलून पुढच्या पट्ट्यात लावत होती, साडीचा काचा मारून, गुडघ्यापर्यंत चिखलात. मी बांधावरूनच ओरडले.

"कावेरी! माझ्या रानात कामून गेली होतीस?"

तिनं पाइप खाली टेकवला. "म्हैस शिरली होती, बाई. हाकलायला गेले."

"म्हैस शेंगा उकलून खाते व्हय?"

तिनं पाइपाचा जोड बसवला आणि दुसऱ्या टोकाला गेली. तिच्या पाण्याचे थेंब वाऱ्यानं माझ्या बांधापर्यंत येत होते. चार थेंब माझ्या तोंडावर पडले. मी पदरानं असे पुसले की जणू ती माझ्यावर थुंकली होती.

पोळ्याला मालक घरी आले. बैल रंगवून झाले, पुरणाचं जेवण झालं आणि मग अंगणात बाजेवर बसून त्यांनी विषय काढला.

"आवंदा बी हातचं गेलं तर हे पुरं करू. बालाजीला बटईनं देऊ रान. परभणीला डेपोच्या मागं एक खोली बघून ठेवलीय म्या. पोरांच्या शाळेला बी बरं."

"हातचं कामून जाईल? शेंगा बगा जाऊन."

"बघून आलो. चपट्या हायत. दर साली तू एकटी मर मर करतीस, अन् म्या तिकडं रोटी खातो मेसची. पीक आलं तर राहू. न्हाई आलं तर चलायचं. आता वाद नको."

मी वाद घातला नाही. त्या रात्रभर माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. माझ्या बांधावर कावेरी उभी आहे, माझ्या रानात निंदणाच्या बायका बसल्यात आणि ती त्यांना भाकरी वाटते आहे. परभणीच्या खोलीत मी पंख्याखाली बसून काय करणार होते, कोण जाणे. पण ती भाकरी मला दिसत होती, पापुद्रा सुटलेली.

त्याच पोळ्याला मिरवणुकीत बैल बुजला आणि मामंजींच्या पावलावर पाय देऊन गेला. पाऊल भोपळ्यासारखं सुजलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते ओट्यावरून उतरूही शकले नाहीत. आम्ही दोघी उभ्या होतो.

"आता माती कोण आणणार?" मी विचारलं. "म्या आणते."

"तुझ्या रानाची तूच?" मामंजी हसले. "जिच्या रानाची माती तिनं आणायची न्हाई. थोरले, तू धाकटीच्या रानातली आण. धाकटे, तू थोरलीच्या रानातली. वीतभर खोल, रानाच्या मधून. अन् मला फसवू नका. कुठल्या कोपऱ्याची माती हाय ते म्या रंगावरून सांगन."

आता संपलंच म्हणायचं. शेंगा चोरून उकलणारी बाई माझी माती आणणार! नाल्याच्या कडेची कुठलीही ओली मूठ उचलून आणली की झालं. माझं म्हणाल तर मी तिची माती अगदी रानाच्या मधोमध उकरून आणली. चांगुलपणा वगैरे नाही. मामंजींचे डोळे मला ठाऊक होते.

त्याच्या पुढच्या सकाळी दोन पळसपानं त्यांच्यापुढे होती. आधी त्यांनी मी आणलेली उचलली, कावेरीच्या रानाची. चार दिवस पाणी खाल्लेलं ते रान. लाडू झाला. मग त्यांनी दुसरं पान सोडलं. मूठ भरली आणि तशीच धरून ठेवली. एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. नाकाशी नेली. कावेरी कुडाला टेकून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती.

मामंजींनी मूठ आवळली आणि उघडली. माझी काळी माती भुरभुर खाली गळाली.

"थोरले," ते म्हणाले, "किल्ली."

मला खरं वाटेना. मी हात पुढे केला. किल्ली हातात पडली आणि मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर कावेरीकडे बघितलं. तिचं तोंड पडलं होतं. खोटं कशाला बोलू, त्या तोंडाकडे बघून माझ्या जिवाला जो गारवा मिळाला तो स्प्रिंकलरखालीही मिळाला नाही. मी किल्ली पदराच्या टोकाला बांधली, आणि तिच्या दारावरून जाताना पदर मुद्दाम झटकला, म्हणजे ती वाजावी.

वारा सुटायच्या आत, कोवळ्या उन्हात मी पहिला पट्टा भिजवला. काळ्या रानात घाई करून चालत नाही. जास्त झालं की पाणी तुंबतं, पीक पिवळं पडतं. कमी झालं तर भेगा तशाच. माती मऊ झाली, भेगांच्या कडा मिटू लागल्या की पाइप उचलायचा आणि पुढे. विहीर तळाला गेली तेव्हा माझं एक तृतीयांश रान भिजलं होतं.

दुसऱ्या दिवशीही माझीच माती भुरभुरली. तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी कावेरीची मातीही धड लाडू झाली नाही, अर्धी वळली आणि अर्धी फुटली. मामंजींनी बराच वेळ दोन्ही मुठींकडे बघितलं आणि किल्ली मला दिली. माझं सगळं रान भिजून झालं. चौथ्या दिवशी शेंग उकलली तर आतला दाणा फुगायला लागला होता. मी बांधावर मटकन बसले आणि एकटीच हसले. मामंजींच्या मुठीत शेवटी न्याय आहे, असं मला वाटलं. आणि हेही वाटलं की धाकटीची चोरी चालली नाही. एवढी धूर्त, पण म्हाताऱ्यापुढे हात टेकले.

त्याच दुपारी गावचा डीपी जळाला. वीज गेली ती गेली. आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता महालक्ष्म्या आल्या तरी मोटारी बंदच. माझं रान तरलं होतं. कावेरीच्या मुरमाड रानात माळाकडचा पट्टा करपायला लागला, खालची पानं पिवळी पडून गळायला लागली. तिला वाईट वाटत असेल म्हणून मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. मी रोज संध्याकाळी मुद्दाम तिच्या बांधावरून घरी यायचे.

महालक्ष्म्या मात्र आमच्याकडे एकत्र बसतात, मामंजींच्या ओट्यामागच्या खोलीत. थोरल्या महालक्ष्मीला साडी मी नेसवायची, धाकटीला कावेरीनं, आणि सैपाक तिच्या चुलीवर. जेवणाच्या दिवशी आम्ही दोघी सकाळपासून एका घरात होतो आणि एकमेकींशी फक्त मीठ-मसाल्यापुरतं बोलत होतो. पुरण शिजलं. पोळ्या दोन तव्यांवर करू म्हणजे लवकर आटपेल, असं म्हणून मी फळीवरचा दुसरा तवा काढायला हात वर केला.

"तो नका घेऊ, बाई," कावेरी एकदम म्हणाली. "तो... फुटलाय."

तवा कधी फुटतो का? मी तो खाली काढला. फुटलेला नव्हता. त्याच्या कडेनं माती चिकटली होती, भाजून कडक झालेली. मी नखानं खरवडली. काळी माती. कावेरीच्या रानात काळी माती नावाला नाही.

माझ्या कानशिलात ठण् झालं. आमच्याकडे बायका सांगतात, एखाद्याच्या रानातली माती आणून विस्तवावर भाजली की त्याचं पीक आतून जळतं. मी कधी बघितलं नव्हतं. आता तवा माझ्या हातात होता.

"ही माती कुठली, कावेरी?"

ती पुरण वाटत होती. वरवंटा थांबला.

"सांग ना. ही माझ्या रानातली हाय. माझ्या रानाची माती चुलीवर भाजलीस? करणी करायलीस माझ्या पिकावर? शेंगा उकलून न्यायच्या, माती भाजायची, अन् आज महालक्ष्म्यांपुढं हळदीकुंकू लावायचं?"

"हळू बोला, बाई. मामंजी..."

"ऐकू दे त्यास्नी! समद्या गावाला ऐकू दे!"

ओट्यावरून मामंजींचा आवाज आला. "काय कालवा हाय गं?" पण ते उठून आले नाहीत.

कावेरीनं हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिचे डोळे भरून आले असतील असं मला वाटलं होतं. ते रागानं लाल झाले होते.

"करणी केली असती तर तुमच्या शेंगा भरल्या असत्या का?"

"मग कशाला भाजली?"

"ओली होती म्हणून! तुमची माती रोज ओली निघायची. ती तशीच नेली असती तर किल्ली मामंजींच्या कमरेलाच राहिली असती. तिसऱ्या दिशी तर माझ्याकडंच आली असती. मग काय करू? बेसनावानी भाजली बसून तव्यावर, तुमची ओली माती, पहाटे उठून. हात पोळला माझा."

तिचं बोलणं कानात शिरत होतं, पण खाली उतरत नव्हतं. मग मला मामंजींचा हात आठवला. एका हातातून दुसऱ्या हातात घेतलेली मूठ. नाकाशी नेलेली.

"पण तुला कसं कळलं, माझा दाणा भरंना म्हणून?"

"रोज दोन शेंगा उकलून बघत होते."

"म्हंजे ते..."

"व्हय, मीच. म्हैस न्हवती शिरली." तिनं नाक ओढलं. "तुमच्या झाडाला माझ्या दुप्पट शेंगा लागल्या होत्या, बाई. मला झोप यायना झाली. सकाळी उठायचं, तुमच्या रानात जायचं, शेंगा मोजायच्या अन् घरी येऊन जळायचं, हेच चाललं होतं माझं. एक दिस उकलली तर दाणा चपटा. दुसऱ्या दिशी बी चपटा. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! जेवताना एक भाकर जास्त खाल्ली."

मी तव्याची माती नखानं आणखी खरवडली.

"मग पोळ्याला भाऊजी अंगणात बोलायले ते कुडाआडून ऐकलं. परभणीचं."

"मग तर तुझ्या मनासारखंच होणार होतं. रान तुलाच मिळालं असतं."

"रान मिळालं असतं. पण तुमी गेल्या असत्या."

"तर?"

"तर म्या कुणावर जळायचं?" ती ओरडलीच. "सांगा ना! तुमच्या चुलीचा धूर आधी दिसला की माझा जीव जळतो, म्हणून म्या पहाटे उठते. तुमचं निंदण आधी उरकलं की मला घास जात न्हाई, म्हणून माझं रान स्वच्छ असतं. तुमच्या पोराचा नंबर आला म्हणून म्या माझ्याला मारून अभ्यासाला बसवलं. तुमच्यासारखी साडी नेसता येत न्हाई म्हणून आठ आठ दिस आरशापुढं रडले म्या नवी नवरी असताना. अन् आता तुमी जाऊन बसणार परभणीला, पंख्याखाली. मी एकटीनं इथं कुणाच्या आधी उठायचं?"

ती खाली बसली आणि पुन्हा पुरण वाटायला लागली, जोरजोरात, जणू पुरणानंच तिचं काही केलं होतं. मी तवा हातात घेऊन उभी. माझ्या साडीचा हेवा? त्या पोरीला? कढीपत्ता तिचा, पारडी तिची, भाकरी तिची, मामंजी तिच्या चुलीवर, आणि ती माझ्यावर जळत होती? इतकी वर्षं मला वाटत होतं की कूड एकाच बाजूनं तापतो.

मी बाहेर आले. मामंजी पाय उशीवर ठेवून बसले होते.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिशीच. माती गरम होती, थोरले. पहाटे रानातली माती गरम असती का कधी?"

"मग किल्ली कामून दिली?"

"तिच्या हिश्शाचं पाणी तिनं तुला दिलं. मधी बोलणारा म्या कोण?" मग आपल्याच तळहाताकडे बघत म्हणाले, "अन् शेंगेतला दाणा काय म्हणतो ते मुठीला कळत न्हाई, हे बी खरंच हाय."

आभार मानायला मी आत गेले नाही. जेवणावळ झाली, सोळा भाज्या वाढल्या, आरती झाली. मी तिच्या पानात पोळीवर तूप वाढलं ते जरा जास्त वाढलं, एवढंच. माझ्या डोक्यात एकच गोष्ट सलत होती, आणि ती कृतज्ञता नव्हती. मला हे सलत होतं की हे तिला सुचलं आणि मला सुचलं नाही. भाकरीत ती पुढे, कढीपत्त्यात ती पुढे, आणि आता यातही तीच पुढे. तिचं रान माळावर करपत होतं आणि तरी माझ्यापेक्षा तीच मोठी झाली होती. त्या रात्री मी जेवढी जळले तेवढी आधी कधीच जळले नव्हते.

महालक्ष्म्या उठल्या त्या संध्याकाळी पाऊस आला. माझं सोयाबीन असं आलं की मालकांनी पोतं उचलून बघितलं आणि परभणीचं नाव पुन्हा काढलं नाही. कावेरीच्या खालच्या रानात बरं पीक आलं. माळाकडच्या पट्ट्यात दाणा ज्वारीएवढाच राहिला. ती काही बोलली नाही. मीही नाही. आम्ही बोलत नव्हतो म्हणजे भांडत होतो असं गावाला वाटलं, आणि गावाचं काही चुकलंही नव्हतं.

पुढच्या सालची गंमत अशी झाली की पेरणीला तिनं माझं बघून लवकरचं वाण आणलं. आणि मी? मी तिचं बघून उशिराचं. दोघींनी एकमेकींच्या पिशव्या बघितल्या तेव्हा तिफण रानात पोचली होती. मामंजींचं पाऊल काही धड झालं नाही, त्यामुळे मातीची पद्धत तीच राहिली. तिची मी आणायची, माझी तिनं.

श्रावण सरता सरता पावसानं पुन्हा ओढ दिली. तिच्या शेंगा भरायला आल्या होत्या. हे मला कसं ठाऊक? रोज दोन उकलून बघत होते. तिच्या रानात माझ्या दुप्पट शेंगा होत्या आणि मला झोप येत नव्हती. एक दिवस दाणा चपटा लागला. दुसऱ्या दिवशीही चपटा. मला फार बरं वाटलं. मग मी तिच्या रानाच्या मधोमध वीतभर खोल उकरलं. खाली ओल होती. लाडू झाला असता.

मी घरी आले, चूल पेटवली आणि तवा ठेवला. ओली तांबडी माती तव्यावर परतत बसले. हात पोळला. तिचा पोळला होता त्यापेक्षा जास्तच पोळला, मी नंतर बघितलं.

ओट्यावर मामंजींनी पळसपान सोडलं, मूठ भरली, या हातातून त्या हातात घेतली आणि नाकाशी नेली.

"आवंदा दुसऱ्या चुलीचा वास यायलाय," ते म्हणाले, आणि किल्ली कावेरीपुढे धरली.

कावेरीनं किल्ली घेतली. या खेपेला ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या तोंडावर जे आलं ते मी चांगलं ओळखत होते. तिचा जीव जळत होता.

तिनं तीन दिवस माती भाजली होती. मी चार दिवस भाजली.